अण्णांचं सर्वांत छोटं भाषण

मी नगरपालिकेच्या सभागृहातला एक जुना माईक आहे. मित्रांनो, माझा रंग उडालाय, मान वाकडी झालीय. पण एक आवाज अजून माझ्यात भरून आहे. तो आमच्या नगराध्यक्षांचा, अण्णांचा.

कारखान्यातून आलो तेव्हा मी चकचकीत होतो आणि अण्णाही ऐन उमेदीत होते. टेकडीवरच्या वस्तीला नळ हवेतच, म्हणून ते असे गरजले की मी कर्कश शिट्टी मारली. सगळे हसले. पाणी मात्र टेकडी चढलं. त्यानंतर अण्णा दर निवडणुकीत निवडून येत राहिले. बोलण्याआधी ते मला रुमालाने पुसत. एवढे लाड कुणाचे होतात?

पुढे वय झालं. अण्णा तेच किस्से पुन्हापुन्हा सांगू लागले. मागच्या बाकांवर खसखस पिकायची. कार्यकर्ते मात्र म्हणत, "अण्णा, तुमच्याशिवाय आहेच कोण?"

एकदा भर सभेत अण्णांनी विचारलं, "उपाध्यक्ष अजून कसे नाही आले?"

उपाध्यक्षांना जाऊन वर्ष झालं होतं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात विरोधी पक्षाचे तात्या ताडकन उठले आणि रस्त्यातल्या खड्ड्यांवरून त्यांनी असा आरडाओरडा केला, की सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं.

सभा संपली. मला बंद करून सगळे गेले. अण्णा आणि तात्या, दोघे म्हातारे तेवढे माझ्याजवळ बसून राहिले.

"अण्णा, आता पुरे कर."

"मला पाडता आलं नाही, म्हणून थांब म्हणतोस होय रे?"

"पाडायचं असतं तर आज गप्प बसलो असतो," तात्या म्हणाले. "लोक तुला हसतात. मला नाही बघवत."

अण्णा रुमालाने मला पुसत राहिले. मग हळूच म्हणाले, "घरी बसून करू काय, तात्या?"

"माझ्याकडे ये. भांडू."

पुढच्या सभेत अण्णा म्हणाले, "अजून उभं राहता येतंय, तोवरच खाली बसावं म्हणतो. यंदा मी निवडणुकीला नाही." एवढंच बोलले. जन्मभर त्यांच्या प्रत्येक ठरावाला आडवे गेलेले तात्या सवयीने उठले. "माझा याला विरोध..." म्हणाले, आणि त्यांना पुढे बोलवेना.

मित्रांनो, मला अडगळीत टाकू नका, एवढं मागणं तर आहेच. पण त्याहून मोठं एक आहे. आपल्या म्हाताऱ्या माणसांसमोर नुसत्या टाळ्या वाजवू नका. जवळ बसा, हळू आवाजात खरं सांगा. आणि सांगून झालं की उठून जाऊ नका.