खरवईचा ऐन किती जाड?

मी झाडं मोजायचा टेप, मित्रांनो. आता जुना झालोय. खरवईत रखमाबाईंच्या पडवीत खिळ्याला लटकलोय. शेजारी एक फाटकी छत्री, ती तर कुणाशीच बोलत नाही.

माझी भावंडं नेपाळ, व्हिएतनाम, इंडोनेशियात असतात. आशियातल्या काही देशांनी ठरवलं, आपापली जंगलं सगळ्यांनी सारख्याच टेपनं मोजायची. कुठलं जंगल खंगतंय ते आकड्यांवरून कळेल, तिथे राखण ठेवायची. आम्ही एकाच खोक्यातून निघालो. पुन्हा भेट नाही.

मला खोडाभोवती गुंडाळलं की मी घेर नाही सांगत, खोडाची आरपार जाडी सांगतो. सेंटीमीटरमध्ये. रखमाबाई टेकडीवरच्या जंगलाच्या राखणदार. त्यांनी मला ऐनाच्या झाडाला गुंडाळलं. "सदतीस! लय हुशार हाय हा!" म्हणाल्या आणि घरी आणून मला देवाच्या फळीवर ठेवलं.

तिथून मला त्यांच्या सुनेनं उचललं. करिष्मा उल्हासनगरच्या कारखान्यासाठी घरी जीन्स शिवते. तिचा टेप सापडत नव्हता. सासऱ्यांना, म्हणजे हिंदुरावांना पँट शिवायची म्हणून तिनं त्यांच्या पोटाला मला गुंडाळलं. मी इमानदारीत आरपार जाडी सांगितली, तीस. तिनं ते इंच धरले.

"बाबा, तुम्ही तर एकदम हिरो! कंबर तीस!"

"मग? रोज टेकडी चढतो मी," हिंदुराव श्वास आत ओढून म्हणाले.

भाच्याच्या साखरपुड्यात पंगतीला बसताना ती पँट मागून टरकली. सगळी पंगत हसली. रखमाबाईंनी मला खोटारडा ठरवून खिळ्याला टांगलं.

पुढच्या वर्षीच्या मोजणीला त्या करिष्माचा, एव्हाना सापडलेला, शिवणकामाचा टेप घेऊन गेल्या. त्यावर ऐनाचा घेर भरला एकशे सोळा सेंटीमीटर. जाडीच्या रकान्यात त्यांनी तेच लिहिलं, बाकीच्या झाडांचंही तसंच. एका वर्षात सगळं जंगल तिप्पट जाड!

जंगलमोजणीच्या प्रकल्पातल्या अनीशचा फोन आला. "काकू, व्हिएतनामवाले विचारतायत, खत कुठलं घालता?"

"खत? शेण पण नाय टाकलं रे. माया लावतो आम्ही."

मी खिळ्यावरून ओरडलो, पण टेपचं कोण ऐकतं?

देशांच्या बैठकीत खरवईसाठी टाळ्या वाजल्या. मग ठरलं, एवढ्या जोमदार जंगलाला राखण कशाला? रखमाबाईंच्या हातात सन्मानपत्र आलं आणि राखण बंद झाली.

आता त्या दिवसभर माझ्याच खाली बसून असतात. टेकडीवर कुऱ्हाड वाजली की उठतात, दारापर्यंत जातात, परत येऊन बसतात. काल ऐन पडला. त्या रडल्या, पण वर बघितलं नाही.

मित्रांनो, कुणाचं सांगणं पटलं नाही तर त्याला टांगण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, तू नक्की काय मोजतोस? टेकडीवर अजून थोडी झाडं उभी आहेत. तेवढ्यात मला कुणीतरी खाली काढा.