आजोबा खाली

काकांचं किल्ल्यांचं दुकान होतं. कुठे कुलूप अडकलं, किल्ली हरवली, की लोक त्यांनाच बोलवायचे. दुकानाचं वेब पेज पुतणीने केलं होतं, बाळ झोपेल तेवढ्या वेळात, तुकड्यातुकड्याने. पानावर मोजकंच ठेवायचं असं तिच्या मनात होतं, पण काकांपुढे तिचं काही चाललं नाही.

“सगळ्यात वर बाबांचा फोटो. चांगला मोठा,” काका म्हणाले होते. “खाली सरकत्या किल्ल्या. मग सुस्वागतम्.”

“आणि फोन नंबर?”

“दुकानाच्या पाटीवर आहे की. शेवटी पाटीचा फोटो टाक.”

बाळंतपणानंतरचं तिचं हे पहिलंच काम. तिने मान डोलावली. वाद घालण्याइतकी झोपच झाली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात, बाळाच्या बाटल्या उकळायला ठेवून ती कचऱ्याची पिशवी ठेवायला दाराबाहेर आली आणि मागे दार खटकन लागलं. फोन आत. नवरा परगावी, दुसरी किल्ली त्याच्या खिशात. आत रांगतं बाळ आणि पेटता गॅस.

शेजारच्या मावशींनी आपला फोन तिच्या हातात दिला. “काकांना लाव.”

“नंबर पाठ नाही.”

“सख्ख्या काकांचा?”

“हल्ली पाठ कोणाचा असतो, मावशी?”

तिने दुकानाचं नाव शोधून पेज उघडलं. जिन्यात नेटवर्क जेमतेम. आजोबा हळूहळू उतरायला लागले. आधी टोपी, मग कपाळ, मग मिशा.

“हे कोण गं?”

“आजोबा.”

“त्यांना म्हणावं, जरा बाजूला व्हा.”

आतून दारावर इवल्या थापा पडायला लागल्या. म्हणजे बाळ ओट्यापासून लांब होतं, तेवढाच जिवाला आधार. “इथेच आहे रे सोन्या,” ती फटीपाशी म्हणाली आणि अंगठ्याने पान सरकवत राहिली. किल्ल्या गेल्या, सुस्वागतम् गेलं, पाटी आली. तिने नंबरावर बोट दाबलं. काहीच झालं नाही. फोटोच तो. शेवटी नंबर घोकून तिने फोन मावशींकडे दिला; ती नंबर पुटपुटत राहिली आणि मावशी आकडे दाबत राहिल्या.

“मधे सहा की नऊ?”

“नऊ. आता मला बोलायला लावू नका, विसरेन.”

काका धापा टाकत आले आणि त्यांनी दार उघडलं. मावशी गॅसकडे धावल्या. पातेल्यातलं पाणी आटलं होतं, एक बाटली वाकडी झाली होती. बाळाच्या तोंडात बापाचा मोजा होता. तिने त्याला उचललं आणि तिथेच जमिनीवर बसली. त्याच्या मानेत तिने नाक खुपसून ठेवलं.

हत्यारं पिशवीत भरता भरता काका म्हणाले, “पेज होतं म्हणून बरं.”

ती उठली. मावशींचा फोन मागून घेऊन काकांच्या हातात दिला. “काका, बाहेर उभे राहा. या फोनवर पेज उघडा आणि त्यावरून स्वतःला बोलवा.”

“आता हे काय?”

“आत बाळ आहे असं समजा.”

ते हसत बाहेर गेले. तिने दार लावून घेतलं. बाळ कडेवर, कान दाराला.

“बाबा येतायत,” बाहेरून आवाज आला. थोड्या वेळाने, “अजून येतायत.” मग नुसतं पुटपुटणं.

तिने दार उघडलं. काका चष्मा कपाळावर चढवून उभे होते.

“नंबर वर घे,” ते म्हणाले. “मोठा. बोट लावलं की लागेल असा. त्याखाली, मी कुठवर येतो ते.”

“सरकत्या किल्ल्या?”

“काढ.”

“आणि आजोबा?”

काकांनी बाळाच्या तोंडातून मोजा सोडवला. “त्यांना शेवटी बसव. दार उघडलं की माणूस निवांत असतो. तेव्हा बघेल.”