आधी जागं झालेलं कार्ड

भावजींनी शेवटचा स्क्रू पिळला आणि म्हणाले, "झालं, वहिनी. आता जागेची चिंता मिटली."

चिंता मला जागेची नव्हतीच, दिरांची होती. आमच्या रेकॉर्डिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये त्यांनी नवं कंट्रोलर कार्ड बसवलं होतं आणि त्याला नवी डिस्क जोडली होती. जुन्या डिस्कवर ह्यांचा आवाज होता. हे गेल्यावर मागे उरलेला तेवढाच. आणि भावजींचं पालुपद एकच, "किती ऐकत बसाल? पुसा आता."

मशीन सुरू झालं. मशीन जुन्या डिस्कला नेहमी पहिलं नाव देई, एसडीए. मी उघडली. रिकामी!

"भावजी, हे काय?"

"मरायला टेकलीच होती ती. गेली असेल." त्यांनी मानही वर केली नाही. एसडीबी, म्हणजे दुसरी, म्हणजे नवी, असं धरून ते ती फॉर्मॅट करायचा, म्हणजे सगळं पुसून कोरी करायचा, हुकूम टाइप करत होते.

एवढा शांतपणा चोरालाच शोभतो. मी त्यांचं मनगट धरलं.

"अहो, ही नवी आहे. मला का अडवताय?"

"तुमच्यावर काडीचा विश्वास नाही म्हणून."

"म्हणजे मी पुसलं?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हणायचं राहिलंय काय?"

"झाकण उघडा."

धुसफुसत त्यांनी उघडलं. प्रत्येक डिस्कच्या पाठीवर कंपनीने घातलेला नंबर असतो; तो कधी बदलत नाही. मी तो वाचला, पडद्यावरच्या नंबरशी ताडला. पुन्हा वाचला. एसडीए म्हणून बसली होती ती नवी डिस्क.

कर्नेल, म्हणजे मशीनचा आतला कारभारी, वय बघत नाही. प्रत्येक कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, जागा होतो आणि आपल्या डिस्का पुढे करतो. ज्याची आधी पोचली तिला पहिलं अक्षर, ए. आज नव्या कार्डाचा ड्रायव्हर आधी उठला होता. धाकट्या जाऊबाई आल्या आल्या थोरल्या झाल्या! आणि थोरली एसडीबी होऊन भावजींच्या बोटाखाली.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "वहिनी, शपथ, मला खरंच..."

खरंच ठाऊक नव्हतं त्यांना. माफी मागावी म्हणून मी तोंड उघडलं, पण आधी हात एसडीबीकडे गेला. स्पीकर खरखरला आणि ह्यांचा आवाज आला, "धाकट्या, वायर नीट लावलीस का? बघ पुन्हा एकदा. तुझा भरवसा नाही."

भावजी हसले, मग नाक ओढलं. पडद्यावरचा हुकूम एकेक अक्षर मागे घेत पुसू लागले.

शेवटचं अक्षर जाईपर्यंत मी बघत उभी राहिले.