कप्प्यातल्या दोन पिशव्या

मी एक जुना फ्रीज आहे, मित्रांनो. गारठा हाच माझा स्वभाव, त्यामुळे सुखदुःखाचं मला फारसं काही वाटत नाही. निदान माझी तशी समजूत होती.

देवचंद आबांनी मला धुळ्याच्या दुकानातून टेम्पोत घालून शिरपूरला आणलं, तेव्हा त्यांची दीपमाला पाचवीत होती. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका बर्फ मागायला यायच्या आणि माझं तोंडभरून कौतुक करायच्या. मी फुगून जायचो. पुढे घरोघरी फ्रीज आले. माझ्या दाराचं रबर सैल झालं, ते बदलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

सूतगिरणीतून निवृत्त झाल्यावर आबांनी एक बोका पाळला, भुऱ्या. दर रविवारी ते त्याच्यासाठी कोंबडीची कलेजी आणत, छोट्या पिशव्यांत भरून माझ्या बर्फाच्या कप्प्यात ठेवत आणि कच्चीच खाऊ घालत. दीपमाला जळगावला नोकरीला आहे. ती येताना मांजराच्या खाऊचा पुडा आणायची. तिची आई, द्रौपदाबाई, नाक मुरडायच्या. "पुडानं खाईसन जीव भरस का त्याना?"

फेब्रुवारीत आबा बसल्या जागी गेले. कप्प्यात त्यांनी भरलेल्या दोन पिशव्या उरल्या. द्रौपदाबाई रडल्या नाहीत. झाडलोट करायच्या, भाकरी टाकायच्या, भुऱ्याला दूध-भाकरी घालायच्या. दिवसातून एकदा माझं दार उघडून त्या पिशव्या बघायच्या आणि दार लावायच्या.

एप्रिलमध्ये भुऱ्याला शेजारच्या सुमनबाईंकडे ठेवून त्या चार दिवस यावलला बहिणीकडे गेल्या. इकडे गल्लीतली डीपी जळाली आणि दीड दिवस लाईट नव्हती. पिशव्यांचं पाणी पाणी झालं. लाईट आली, तसं मी सगळं पुन्हा दगडासारखं गोठवलं. माझं काम तेवढंच. द्रौपदाबाई परतल्या, तेव्हा सगळं होतं तसं दिसत होतं. मला खरं ठाऊक होतं, पण मला तोंड नाही.

आबांच्या वाढदिवशी त्यांनी एक पिशवी काढली आणि आबा घालायचे तशीच कच्ची कलेजी भुऱ्यापुढे ठेवली. दुसऱ्या दिवशी भुऱ्याला उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी तो मान उचलेना. दीपमाला धावत आली, जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन. त्यांनी सलाईन लावलं.

"कच्च्या मांसात जंतू असतात, अक्का. बर्फात ते मरत नाहीत, नुसते पडून राहतात. मधे लाईट गेली असेल तर वाढतात. शिवाय तुमच्या हातालाही लागतात. द्यायचंच तर ताजं आणून, शिजवून, थोडंसं द्या. नुसत्या कलेजीवर मांजर निभत नाही. पुड्यात त्याला लागणारं बहुतेक सगळं असतं, पण तारीख बघून घ्या, तोंड घट्ट बांधा, शेजारी पाणी ठेवा."

"मी त्याले इख दिधं का?" द्रौपदाबाईंनी कोरड्या आवाजात विचारलं. जाताना डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपया ठेवायचा. मधे लाईट जाऊन बर्फ वितळला, तर रुपया तळाशी दिसेल.

भुऱ्या वाचला. दीपमालाने दुसरी पिशवी उचलली, तर द्रौपदाबाईंनी तिचा हात धरला. "बठ्ठं फेकी दे, पन ती राहू दे. त्यास्ना हातनी शे." आबांच्या हातची तेवढीच उरली होती.

भुऱ्या पुड्यातलं खाऊ लागला. पिशवी तिथेच राहिली. दीपमालाने कप्प्यात ठेवलेल्या वाटीतला रुपया दोन महिने वरच होता. माझी गोष्ट सांगणारं कुणीतरी आता माझ्या पोटात होतं.

जुलैत द्रौपदाबाई भुऱ्याला घेऊन आठवडाभर लेकीकडे राहिल्या. परतल्यावर त्यांनी दार उघडलं. पिशवी दगडासारखी कडक, पांढरी, होती तशीच. पण रुपया वाटीच्या तळाशी होता. त्यांनी वाटी डोळ्यांजवळ धरून पाहिली. आबांनी ठेवलेली पिशवी तशीच्या तशी राहिली नव्हती. ती राखणं मलाही जमलं नव्हतं.

त्यांनी मागच्या अंगणात पपईखाली खोल खड्डा केला आणि पिशवी फोडून आतलं पुरलं. साबणाने हात धुतले. मग परत येऊन उगीचच माझं दार उघडलं, रिकाम्या कप्प्याकडे पाहिलं आणि तिथेच खाली बसून रडू लागल्या.

मित्रांनो, फ्रीजमध्ये ठेवलं म्हणजे सांभाळलं, असं समजू नका. आणि माझं दार उगाच उघडं टाकू नका, गारवा निघून जातो. त्या दिवशी ते बराच वेळ उघडं होतं. कप्प्यातला बर्फ ठिबकू लागला. मी ठिबकू दिला.