चौथं रीळ

पडद्यावरच्या माणसाने स्वयंपाकघरातल्या टेबलावरचा कप उचलला, हातात फिरवला, परत ठेवला. आणि कॅबिनच्या झरोक्याला नाक लावून बसलेला ऑपरेटर ताडकन उठला.

कप एकच होता. दोन हवे होते.

त्या माणसाची बायको अजून घरात असायला हवी होती. ती निघून जाते चौथ्या रिळात. मग पाचव्यात हा एकटा कपाशी खेळत बसतो. म्हणजे मशीनवर पाचवं चढलं होतं, आणि चौथं बाकावर डब्यात निमूट पडून होतं.

त्याने कॅबिनच्या भिंतीला कान लावला. सवयच ती. भिंतीच्या पलीकडे शेवटच्या रांगेतली कडेची खुर्ची. दारं लावून झाली की डोअरकीपर बाई तिथे टेकायची. चित्र धूसर झालं तर भिंतीवर एक टकटक, आवाज बसला तर दोन, आणि काही भलतंच झालं तर तळहाताची थाप. एकोणतीस वर्षं. डोअरकीपर बाई म्हणजे त्याची बायको. तिला जाऊन चार महिने झाले होते.

भिंत गप्प होती.

थांबवावं? दिवे लावावेत? सकाळीच मॅनेजरने जिन्यात गाठून सांगितलं होतं, "काका, स्पष्टच बोलतो. इतर दिवशी सगळं कॉम्प्युटरवर चालतं. तुमचं हे प्रोजेक्टरचं धूड फक्त फिल्म सोसायटीच्या रविवारासाठी ठेवलंय. आज लोकांच्या अभिप्रायाच्या चिठ्ठ्या चांगल्या आल्या तर राहील. नाहीतर भंगारवाला कधीचा विचारतोय."

"आणि मी?"

"तुम्ही काय, घरी आराम करा. डोळ्यांचं काय म्हणतात डॉक्टर?"

"ठणठणीत आहेत," तो म्हणाला होता.

लांबचं दिसायचं, हे खरं. जवळचं अक्षर मात्र चष्म्यालाही दाद देत नव्हतं. हे गुपित दोघांचंच. डबे आले की बायको वरचे आकडे वाचायची आणि प्रत्येक कडीला सुतळी बांधून तितक्या गाठी मारायची. वाचायचं तिने, चाचपायचं त्याने. गाठी मारता मारता गुणगुणायची:

एक गाठ, दोन गाठी, मोजून घ्या हाती,
दिवा गेला तरी राया, बोटं वाट दाविती.

"राया म्हणे! टक्कल बघ माझं," तो म्हणायचा.

"टकलावर उजेड चांगला पडतो. मोजा मुकाट्याने."

ती गेल्यावर रिळांचा हा पहिलाच खेळ. काल खिडकीत बसून सुतळी त्यानेच बांधली होती. गाठी बरोबर मोजल्या होत्या. आकडेच चुकीचे वाचले होते, चाराला पाच आणि पाचाला चार.

रीळ संपत आलं. त्याने दुसऱ्या मशीनवर चौथं चढवलं. दुसरं करणार काय? पडद्याच्या कोपऱ्यात खुणेचा ठिपका उमटला आणि त्याने मशीन बदललं.

आणि ती आली. जणू कुठे गेलीच नव्हती. टेबलाशी बसून संत्रं सोलत होती. समोर दोन कप. नवरा वर्तमानपत्रातून मानही वर करत नव्हता.

"आलीस?" ऑपरेटर पुटपुटला.

पहिल्यांदा हा इटालियन सिनेमा लावला तेव्हा दोघंही तरुण होते. 'एवढं कसलं ते संत्रं सोलायचं! खाऊन टाक ना बाई,' असं बायको घरी येऊन चिडली होती. मग स्वयंपाक करता करता तिच्या डोळ्यांना धार लागली होती. आज त्याला वाटलं, ते संत्रं संपूच नये. पण रीळ वीस मिनिटांचंच. बाईने सालं कपात टाकली, कोट चढवला, आणि दार न लावताच धुक्यात निघून गेली. दुसऱ्यांदा.

सिनेमा संपल्यावर तो गुन्हेगारासारखा जिना उतरला. बाहेरच्या दालनात सोसायटीच्या सेक्रेटरी बाई चिठ्ठ्यांचा खोका उपडा करून बसल्या होत्या. निवृत्त मास्तरीण, आवाजात अजून वर्ग भरलेला.

"ऐका, ऐका. 'डुलकी लागली. जागा झालो तेव्हा तो माणूस त्याच भिंतीपाशी उभा होता. भिंतीचा अभिनय चांगला.'"

लोक हसले.

"'तो इतका चालतो, त्यापेक्षा बस का पकडत नाही?' हे कोणत्या शहाण्याचं?"

"आमच्या हिचं," एक गृहस्थ म्हणाले. "आणि मला म्हणते, असा मुका नवरा बघायला तिकीट कशाला, घरी आहेच."

ऑपरेटर खांबाला टेकून उभा होता. 

"आणि ही बघा! 'गेलेली बाई मध्येच परत येते. नवरा विचारतही नाही, कुठे होतीस. आणि ती पुन्हा जाते. असं धाडस मोठा दिग्दर्शकच करू जाणे.' अगदी माझ्या मनातलं! मी तिसऱ्यांदा पाहिला, पण हे सौंदर्य आजच उमगलं."

माना डोलल्या. मॅनेजरने पाठीवर थाप मारली. "काका, जिंकलात! मशीन राहतंय, तुम्हीही राहताय. एकदाही खंड नाही पडला."

हायसं वाटायला हवं होतं. पण त्याच्या आतून काहीतरी निसटून गेलं. एकोणतीस वर्षं त्याला वाटत होतं, त्या अंधारात चारशे माणसं बघताहेत. बघणारं एकच माणूस होतं.

"बाई, एक कोरी चिठ्ठी द्या."

"तुम्ही लिहिणार? वा! लिहा ना."

त्याने खांबावर कागद टेकवून अंदाजाने मोठाली अक्षरं काढली. ओळ उतरत उतरत कोपऱ्यात गेली. घडी घालून त्याने ती बाईंच्या हातात ठेवली.

"मोठ्याने वाचलीत तरी चालेल."

बाईंनी चिठ्ठी उघडली. मोठ्याने नाही, मनातल्या मनात वाचली.

'पाचवं रीळ चौथ्याच्या आधी लागलं. चूक ऑपरेटरची. त्याला जवळचं दिसत नाही. सिनेमात ती परत येत नाही.'

"अहो, पण..." बाई म्हणाल्या. मॅनेजरने चिठ्ठी त्यांच्या हातून घेतली. तोवर ऑपरेटर दार ढकलून आत गेला होता.

रिकाम्या थिएटरात साफसफाईचे दिवे लागले होते. पडदा नुसता पांढरा. तो पायऱ्या चढून शेवटच्या रांगेपाशी गेला आणि कडेच्या खुर्चीवर बसला. या खुर्चीवर तो कधीच बसला नव्हता. इथून पडदा थोडा तिरपा दिसत होता. तिने कधी सांगितलं नव्हतं.

जरा वेळाने त्याने हात मागे नेला आणि कॅबिनच्या भिंतीवर तळहाताने थाप मारली.

आत कोणी नव्हतं.