बेल कळली, माणूस कळू दे

मी एक जुनी दाराची कडी आहे. गंजलेय, पण वाजायची थांबलेली नाही! लोहाराने मला तापवून, ठोकून वळवलं आणि या दारावर बसवलं. तेव्हापासून मित्रांनो, या घरी येणाऱ्या प्रत्येकाचा हात आधी माझ्यावर पडला. "काय खणखणीत कडी आहे!" म्हणायचे. आता बोटांना गंज लागतो म्हणून नाकं मुरडतात. मुरडू देत!

या घरातल्या बाबांची दृष्टी गेली आहे. दिवसा ते एकटेच असतात. माझा आवाज ऐकून कोण आलंय ते ओळखतात, मगच दार उघडतात. पण चुकून परक्याला दार उघडतील, हा त्यांच्या मुलाच्या जिवाला घोर. त्याने सुताराला बेल बसवायला बोलावलं आणि ठरवलं, उद्यापासून कामावर जाताना दाराला बाहेरून कुलूप लावायचं.

"मला कोंडणार? मी काय कोंबडी आहे?" बाबा कडाडले.

"मग कडीवरून माणूस ओळखून दाखवा," मुलगा म्हणाला.

बाबा आत बसले. बाहेरून कुणीतरी मला एकदाच आपटलं.

"सूनबाई!" बाबा म्हणाले.

तो होता सुतार.

"बघा! परक्याला घरात घेतलं असतंत."

असा संताप आला मला! अरे, एका ठोक्यात काय कळणार? कुणाचाही हात कधी जोरात पडतो, कधी हळू. एकटा ठोका फसवतो. पाच-सहा जोडून ऐकले, की एखादा चुकार ठोका मागे पडतो आणि त्या माणसाची लय कानात बसते.

"एका ठोक्याचं काय घेऊन बसलास?" बाबाही अडून बसले. "पाच-सहा वेळा वाजवा!"

सुताराने वाजवलं. "हा घरचा नाही." सुनेने वाजवलं. "ही सूनबाई."

मग मुलाने लबाडी केली. बायकोसारखंच मला अलगद उचललं. पहिला ठोका हुबेहूब तिचा! दुसराही जमला. तिसऱ्यापासून मात्र त्याची नेहमीची घाई सुरू झाली.

"सुरुवात सुनेची केलीस," बाबा आतून हसले, "पुढे तुझीच घाई सांडली!"

सून खो खो हसत सुटली. मुलाने कुलूप परत पिशवीत टाकलं.

बेल मात्र बसलीच. बसू दे! कुणीही दाबा, तिचं टिंगटाँग तेच. मित्रांनो, मला थोडं तेल घाला, म्हाताऱ्या कानांना थोडा वेळ द्या, आणि आम्हाला एका ठोक्यात निकालात काढू नका. आजही बेल वाजली, की बाबा जागचे हलत नाहीत. आतूनच ओरडतात, "बेल कळली. आता माणूस कळू दे. कडी वाजव!"