आधी आक्काला टोचा

डेअरीच्या ओट्यावर सकाळी सकाळी भांडण जुंपलं, आणि ते दुधाच्या मापावरून नव्हतं हीच नवलाची गोष्ट. भांडण होतं सुईवरून. शाळेत नव्या साथीच्या रोगाची लस येऊन पडली होती, सिस्टर टेबल मांडून बसली होती, आणि गावातलं एकही माणूस तिकडं फिरकत नव्हतं. जो तो दुसऱ्याला पुढं ढकलत होता.

"तू धडधाकट आहेस, तू जा आधी," माप घेणारा ट्रॅक्टरवाल्याला म्हणाला.

"धडधाकट आहे म्हणूनच नाही जात. मी आडवा झालो तर तुझं रान कोण नांगरणार? तुझा बाप?"

"मग म्हाताऱ्यांना पाठवा."

"म्हातारे काय उकिरड्यावर पडलेत?" दुधाची किटली मांडीशी धरून बसलेला एक म्हातारा म्हणाला. "जीव सगळ्यांना सारखाच असतो."

तेवढ्यात शेणाची रिकामी पाटी कमरेला लावून आक्का तिथून चालली होती. चेअरमनचा गोठा आणि आणखी चार घरचे गोठे ती झाडायची. नवरा कधीच गेलेला, पोटी मूलबाळ नाही. मेलेल्या भावाची बायको आणि ती अशा दोघीजणी शाळेमागच्या दोन खोल्यांत राहायच्या. आक्का दिसली आणि ओट्यावरचं भांडण एकदम थांबलं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर येऊन बसल्या.

ती नजर आक्काच्या ओळखीची होती. गावाची एक रीत होती. जनावरांचा डॉक्टर नवीन इंजेक्शन घेऊन आला की दुभतं जनावर कुणी पुढं करायचं नाही. एखादी भाकड, हाडं वर आलेली, कुणाच्या कामाची न राहिलेली गाय आधी आणायची. तिला टोचायचं आणि आठ दिवस बघायचं. चारा खाते का, पाणी पिते का, शेण कसं टाकते. टिकली तर मग दुभत्या गाई बाहेर काढायच्या. मेली तर मेली. त्या भाकड गाईचं दावं धरून डॉक्टरपुढं उभं राहायचं काम वर्षानुवर्षं आक्काचंच होतं. त्यामुळे ओट्यावरची माणसं आपल्याला का न्याहाळतायत हे तिला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती.

डेअरीचा चेअरमन गोड बोलण्यात पटाईत. तो म्हणाला, "आक्का, तू घेतेस का टोचून? तुझं बघून लोकांना जरा धीर येईल. आणि तुझ्यामागं तसं रडणारं कुणी नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने अगदी मायेने उच्चारलं. आक्काच्या तोंडात कडू पाणी आलं. त्या ओट्यावरच थुंकावं असं तिला वाटलं, पण थुंकली नाही. वहिनीला दमा होता. रात्र रात्र ती गुडघ्यांवर कोपरं टेकून बसायची आणि तिच्या छातीतून शिट्टी वाजत राहायची. हा रोग वहिनीच्या छातीत शिरला तर ती दोन दिवस काढणार नाही, हे आक्काला पक्कं ठाऊक होतं. आणि वहिनी गेली तर घरात आपल्याशी बोलायला भिंती उरतील, हेही.

"घेते," ती म्हणाली. "पण वहिनीला बरोबर आणते. तिलाही टोचायचं."

"आण की," चेअरमन म्हणाला. "दोघी घ्या. कुणी अडवलंय?"

शाळेच्या पहिलीच्या वर्गात सिस्टर बसली होती. एका बाटलीत दहा जणांचं औषध, आणि बाटली एकदा उघडली की काही तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. म्हणून ती बिचारी दुपारपर्यंत माणसांची वाट बघत राहिली. माणसं आली होती, पण कुंपणाबाहेर. तमाशा बघायला उभी राहावीत तशी भिंतीवर हनुवट्या टेकून उभी होती. शेवटी वरच्या साहेबांचा फोन आला, एक तरी माणूस झालाच पाहिजे. सिस्टरने कपाळाला हात लावला आणि आक्कासाठी बाटली फोडली.

आक्काने दंड पुढं केला. सुई टोचली, निघाली. तिने वळून वहिनीला हाक मारली. वहिनी दारातच उभी होती, चौकटीला धरून.

"ये. मुंगी चावल्यासारखं वाटतं, एवढंच."

वहिनी आत आली नाही. खाली बघत म्हणाली, "वन्सं, आधी तुमचं बघू. मग मी घेईन."

कुंपणाबाहेरच्या माणसांचं आक्काला एवढं वाईट वाटलं नव्हतं. ती परकी होती. पण जिच्या पाठीला रात्रभर तेल चोळायचं, जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं, तिनेही आपल्याला भाकड गाईसारखंच पुढं उभं केलं. संध्याकाळी सिस्टरने बाटलीतलं उरलेलं औषध टाकून दिलं. नऊ माणसांचं औषध वाया गेलं, आणि गाव आपापल्या घरी जेवायला गेलं.

रात्री आक्काला ताप भरला. सिस्टरने आधीच सांगितलं होतं की एखादा दिवस अंग तापेल, पण गावाला तेवढंच पुरलं. सकाळी उजाडतंय तोच नाकाला फडकी बांधून माणसं दाराशी हजर. कुणी आत आलं नाही.

"काय खाल्लंय का तिने?" ट्रॅक्टरवाल्याने लांबूनच विचारलं.

"पाणी प्यायलीय," वहिनीने सांगितलं.

"डोळे कसे दिसतात?"

"परसाकडं झाली का? म्हणजे पोट साफ झालं का?" मापाड्याने विचारलं.

आक्का आत वाकळेखाली सगळं ऐकत होती. आता ह्यांनी शेपटी उचलून बघायचं तेवढं राहिलंय, असं तिच्या मनात आलं. दुपारी चेअरमनचा गडी आला. त्यालाही तब्येतीची विचारपूस करायची नव्हती. तिला काही झालंच तर गोठ्याला दुसरी बाई बघायला लागेल, तेव्हा काय ते आत्ताच सांगा, असा निरोप होता.

आत आली ती एकटी शेजारची शिंपीण. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेला बाप होता, शिलाईचं काम पडलेलं होतं, तरी ती उंबरा ओलांडून सरळ आत आली. आक्काच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं, गरम पाणी पाजलं, आणि बाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मेल्यांनो, माणूस आहे ते. बाजारात बघायला आणलेलं जनावर नाही." बाहेरचे हसले. लाज वाटण्याइतकी कातडी कुणाची पातळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. तिसऱ्या दिवशी आक्काने गोठा झाडला. तरी गाव म्हणालं, अजून बघू. आठ दिवस पुरे होऊ देत. रीत ती रीत.

आठवा दिवस उजाडला आणि गाव धुतलेले कपडे घालून शाळेकडं निघालं. चेअरमन सगळ्यांत पुढं, मागं त्याचं घरदार, त्यामागं बाकीचे. शिंपिणीने बापाला हातगाडीवर बसवून आणलं होतं. वहिनीही आली, आक्काचा हात घट्ट धरून. शाळेच्या वळणावर सगळे थबकले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोटारी लागल्या होत्या. झाडाखाली शहरातली माणसं घडीच्या खुर्च्या उलगडून बसली होती. कुणी थंड पाणी पीत होतं, कुणी मुलांना बिस्किटं देत होतं, आणि रिकाम्या बाटल्या सरळ शाळेच्या बागेत फेकत होतं.

"हे कोण?" चेअरमन सिस्टरवर ओरडला. "आमच्या गावची लस आहे ही."

"नावं फोनवर लागतात," सिस्टर मान वर न करता म्हणाली. "शहरात मिळत नाही, म्हणून त्यांनी इथली नोंदवली. दोन दिवस झाले, येतायत. आजच्या सगळ्या बाटल्या त्यांच्या नावावर आहेत."

"दोन दिवस झाले, आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मी माणूस पाठवला होता. तुमच्या ओट्यावर म्हणाले, अजून आठ दिवस पुरे व्हायचेत."

काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ मध्येच म्हणाला, "लस इथं पडून होती हो. तुम्ही घेत नव्हता. आम्ही घेतली तर बिघडलं कुठं?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचाच सगळ्यांना जास्त राग आला. एक बाई बाकावर बसायच्या आधी बाक तीनदा पुसत होती. तो बाक आक्का दर शनिवारी धुवायची. ह्या शहरच्या लोकांची किळस यावी की आपल्यांची, हे आक्काला ठरवता येईना. दोघांचीही येत होती. शिंपीण हातगाडी वळवून परत निघाली. गाडीवर तिचा बाप खोकत होता.

दिवस कलताना आक्का चेअरमनच्या गोठ्यात शेण भरायला गेली. गोठ्याचं दार आतून लावलेलं. असं कधी नसायचं. ती मागच्या खिंडाराने वाकून आत शिरली आणि पाटी हातात धरून उभीच राहिली. गव्हाणीच्या कडेला चेअरमनचं सगळं घर ओळीने बसलं होतं, बाह्या वर सारून. बायको, मुलगे, सुना, भाऊ, भावजय. मध्ये पेंढीवर फडकं अंथरून सिस्टरने सुया मांडल्या होत्या. गाई मान वळवून बघत होत्या. गोठ्यात कोण डोकावतंय, म्हणून चेअरमनने ही जागा निवडली होती. शेण काढणारी बाई कुणी असते हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सिस्टरने आक्काकडं बघितलं आणि नजर काढून घेतली. "बाटल्या दिल्या नाहीत तर बदली करीन म्हणतात," ती पुटपुटली. "घरी लहान मुलं आहेत माझी."

नऊ जण झाले. बाटलीत एकाचं उरलं.

"ते राहू दे," चेअरमन म्हणाला. "माझा मेहुणा निघालाय मोटारसायकलवर. आणि त्याच्या घरच्यांसाठी उद्या दुसरी बाटली. डेअरीच्या फ्रीजमध्ये ठेवलीय, ह्याच वेळी इथंच."

आक्काने पाटी खाली ठेवली. "उरलेलं वहिनीला द्या."

"तुझ्या वहिनीला पुढच्या खेपेला बघू."

"बरं," आक्का म्हणाली. "मग मी निघते. हापशावर पाणी भरायची वेळ झालीय. अख्खं गाव असेल तिथं."

चेअरमनचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्याने आधी बायकोकडं बघितलं, मग दाराकडं. "घेऊन ये तिला," तो दात आवळून म्हणाला. "मागच्या बाजूने. आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. आजचं नाही, उद्याचंही नाही."

"नाही काढत."

वहिनीला तिने जवळजवळ ओढतच आणलं. खिंडारातून आत ढकललं. वहिनी शेणात पाय भरलेली, धापा टाकत, गव्हाणीला टेकून उभी राहिली. या वेळी तिने काही बघू-बिघू म्हटलं नाही. सुई टोचली तेव्हा तिने आक्काचा हात धरला आणि सोडलाच नाही. आक्काच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं याचा आनंद तिला झाला. अगदी खरा आनंद झाला. मेहुण्याची मोटारसायकल बाहेर वाजली तेव्हा दोघी मागच्या वाटेने निघूनही गेल्या होत्या.

वहिनीला घरी निजवून आक्का हापशावर आली. गर्दी पांगली होती. शिंपीण एकटीच दांडा मारत होती. डोळे रडून सुजलेले.

"बापाचा खोकला वाढलाय गं," ती म्हणाली. "एक सुई मिळाली असती तरी चाललं असतं. आक्का, तू एवढ्या घरांतून फिरतेस. तुझ्या कानावर काही आलं का? कुठं एखादी बाटली उरलीसुरली?"

डेअरीचा फ्रीज आक्काच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. उद्या, ह्याच वेळी, तिथंच. चेअरमनला कळलं तर गोठे तुटतील, आणि महिन्याने घ्यायच्या दुसऱ्या सुईची पाळी येईल तेव्हा वहिनीला कुणी दारात उभं करणार नाही. तिने घागर हापशाखाली सारली.

"मला काय कळणार गं," ती म्हणाली. "मी शेण काढणारी बाई."

शिंपिणीने मान हलवली. तिला ते लगेच पटलं. तिने दांडा सोडला नाही, स्वतःची घागर बाजूला सरकवून आक्काची भरून दिली, आणि वर म्हणाली, "आजारातून उठलीयस, तू नको मारूस."

इतके दिवस आक्काला गावाची किळस येत होती. त्या संध्याकाळी घागर डोक्यावर घेऊन घरी येताना किळस तीच होती, पण तिला गावाची आठवणही झाली नाही.